सोफामास्तरांची रोजची गोळी

सोफामास्तर कधी आजारी पडत नसत. ही बढाई नव्हती, वस्तुस्थितीच होती, आणि म्हणूनच ते ती उठताबसता बोलून दाखवत. घरात कुणी नुसतं शिंकलं तरी म्हणत, "माझ्याकडे बघा जरा." त्यावर बायको म्हणे, "तीस वर्षं दुसरं काय बघतेय?"

माणूस उंचापुरा, मनगटं फळीसारखी, आवाज दुकानाच्या शटरसारखा. जुने सोफे, खुर्च्या, दवाखान्यातली तपासणीची टेबलं, न्हाव्याकडच्या गोल फिरणाऱ्या खुर्च्या, जे येईल ते उसवायचं, आतला कुजका काथ्या नि गंजलेल्या स्प्रिंगा काढायच्या, नवीन भरायचं आणि वरून मढवून द्यायचं, हा त्यांचा धंदा. दुकान एका तीनमजली इमारतीच्या तळाशी होतं. पुढे लाकडी सांगाडे उभे, मागे शिवणयंत्र, आणि मधल्या जागेत फोमचा चुरा इतका, की पंखा लावला तर हिमवर्षाव व्हायचा. मास्तरांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण त्या पाटीला वर्षानुवर्षं फडका लागला नव्हता. सोफामास्तर म्हटलं की पोस्टमनलाही कळायचं.

मढवायच्या कामाला बारीक काळे खिळे लागतात. धंद्यात त्यांना चुका म्हणतात. मास्तर मूठभर चुका तोंडात टाकत, जिभेने एकेक वळवून तिचं डोकं ओठांच्या बाहेर आणत, हातोडीच्या चुंबकी टोकाने ती ओठांवरून उचलत आणि दुसऱ्या क्षणी कापडात ठोकत. ओठ, हातोडी, लाकूड. ओठ, हातोडी, लाकूड. बघणाऱ्याला भोवळ यावी असा वेग. कधी टोक ओठात रुतायचं, थोडं रक्त यायचं, ते मास्तर जिभेनेच पुसायचे. बोलायचं झालं तरी चुका तोंडातून निघत नसत, त्यामुळे निम्म्या गिऱ्हाइकांचा समज होता की मास्तर तोतरे आहेत. काम संपलं की उरलेल्या चुका परत डब्यात थुंकायच्या. डबा एकच. त्यातूनच मेहुणाही घ्यायचा.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दुकानात निम्मा भागीदार, शिवणयंत्रावर हात बसलेला. अंगाने किडकिडीत, स्वभावाने जपून राहणारा. रस्ता ओलांडतानाही तो दोन्हीकडे बघून पुन्हा पहिल्या बाजूला बघायचा. त्याने पिना मारायची बंदूक आणली होती, विजेवर चालणारी. मास्तर तिला "फटाकडी" म्हणत आणि हात लावत नसत.

तर असे हे मास्तर एकदा तीन जणांचा सोफा जिन्यावरून चढवत असताना त्यांच्या जांघेत काहीतरी सरकलं. गाठ आली. हर्निया निघाला. सर्जन म्हणाले, किरकोळ ऑपरेशन आहे, आधी रक्त तपासून घेऊ. रक्त तपासलं, आणि त्यात हिपॅटायटिस बी निघाली.

"म्हणजे काय?" मास्तरांनी विचारलं.

"काविळीचा एक विषाणू असतो. यकृतात राहतो."

"कावीळ? मला?" मास्तरांनी बाही वर करून हात पुढे केला. "कुठे पिवळा दिसतोय? दाखवा बरं."

सर्जनांनी हात बघायची तसदी घेतली नाही. ऑपरेशन केलं, सगळं नीट पार पडलं, टाके सुकले, आणि मास्तरांची रवानगी यकृताच्या डॉक्टरीणबाईंकडे झाली.

डॉक्टरीणबाई बुटक्या होत्या, कमी बोलत आणि बोलताना माणसाकडे बघत, कागदाकडे नाही. त्यांनी आणखी रक्त काढायला लावलं. मग मास्तरांना आडवं करून त्यांच्या उजव्या बरगड्यांमध्ये एक कांडी लावली. ती आतून टिचक्या मारल्यासारखी टकटक करायची. तपासण्या हाती आल्यावर त्या म्हणाल्या, "विषाणू भरपूर आहे. यकृताला सूज आहे आणि ते थोडं निबर व्हायला लागलंय."

"निबर? भेंडीसारखं?"

"तसंच म्हणा. दारू घेता?"

"थेंबसुद्धा नाही."

"चांगलं आहे. घेऊ पण नका."

"पण मला काही होतच नाही हो बाई. दुखत नाही, खुपत नाही. सोफा उचलतो मी."

"माहीत आहे. यकृत बोलत नाही. बोलायला लागतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो." त्यांनी चिठ्ठीवर औषध लिहिलं. "रोज एक गोळी. चुकवायची नाही."

"किती दिवस?"

"बहुतेक कायमची."

मास्तर हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मग बाई हसत नाहीत हे बघून त्यांनी तोंड मिटलं.

"जन्मभर?"

"रक्तदाबाची गोळी घेतातच की लोक जन्मभर. ही गोळी विषाणूला वाढू देत नाही. मुळासकट उपटून काढणारं औषध अजून आपल्या हातात नाही. पण तो वाढला नाही, तर यकृत सावरतं. पुढचा कॅन्सरचा धोकाही पुष्कळ कमी होतो." मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काम काय करता?"

मास्तरांनी सांगितलं. ओठ, हातोडी, लाकूड, सगळं हातवारे करून दाखवलं. एरवी हे बघून लोक थक्क व्हायचे. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"ओठातून रक्त येतं?"

"येतं कधी कधी."

"आणि ते खिळे पुन्हा डब्यात? दुसरं कुणी वापरतं?"

"मेहुणा."

"त्याला घेऊन या. बायकोला, मुलांना, आई असतील तर आईंनाही. सगळ्यांची तपासणी करू. एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने हा पसरत नाही, हे घरी सांगा. पण रक्तातून जातो. दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश तुमचा वेगळा ठेवा. आणि खिळे तोंडात घालायचे नाहीत. आजपासून."

गोळीचं मास्तरांना विशेष वाटलं नव्हतं. हे मात्र वर्मी लागलं.

तपासण्यांचे निकाल आले ते असे. मुलगी परगावी होती, तिला लहानपणीच लस टोचलेली, ती सुखरूप. बायकोची गंमत झाली. तिच्या रक्तात विषाणू नव्हता, पण तो कधीकाळी येऊन गेल्याच्या खुणा होत्या. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की मोठेपणी लागण झाली तर बहुतेकांचं अंग या पाहुण्याला हुसकावून लावतं. जन्मताना किंवा तान्हेपणी आला, तर मात्र तो घर करतो.

"म्हणजे मला झाला होता आणि मला कळलाही नाही?" बायको म्हणाली.

"हो. तुमच्या शरीराने परतवला."

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. "तीस वर्षं यांना पचवलंय. विषाणू काय चीज आहे!"

मेहुण्याच्या रक्तात काही निघालं नाही. त्याला लसीचे डोस सुरू झाले. त्याने त्याच संध्याकाळी चुकांचा जुना डबा कागदात गुंडाळून, वरून चिकटपट्टी लावून फेकून दिला आणि दोन नवे डबे आणले. चहाचा स्वतःचा कपही वेगळा केला, निळ्या कडेचा. मास्तर म्हणाले, "कपातून होत नाही. बाईंनी सांगितलंय."

"ठाऊक आहे, भावजी."

"मग?"

"मग काही नाही. मला हा कप आवडतो."

आणि मास्तरांची आई. ती त्यांच्याजवळच राहायची, पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिची खाट. वय ऐंशीच्या घरात, कान तिखट, दात सगळे गेलेले. तिच्या रक्तात विषाणू निघाला, पण थोडा, निपचित पडलेला. यकृत ठीक. बाई म्हणाल्या, यांना गोळीची गरज नाही, अधूनमधून तपासू.

घरी आल्यावर आई खाटेवर बसली. चपला काढायच्याही राहिल्या.

"म्हणजे मीच दिलं तुला?"

"तसं नसतं गं आई. तुला कुठे माहीत होतं?"

"दिलं ते दिलंच ना, माहीत असो नसो." तिने मुलाच्या चेहऱ्याकडे बघितलं. "नाक बापाचं, उंची बापाची. माझं म्हणून काय, तर हे."

मास्तरांना हसू आलं. आईला मात्र दुसरंच काहीतरी आठवत होतं.

"आणि मग मला कुणी दिलं? माझ्या आईने?"

"असेल."

"आणि माझ्या भावाला?"

हा भाऊ मास्तरांनी फक्त फोटोत बघितला होता. आईपेक्षा मोठा, शाळेत शिपाई होता. चाळिशीच्या आतच पोटात पाणी होऊन गेला. डोळे पिवळे, पाय काड्यांसारखे, पोट नगाऱ्याएवढं. तेव्हा सगळ्यांनी एकच निदान केलं, की चोरून पीत असणार. नातेवाईक म्हणाले, शेजारी म्हणाले, शाळेतले म्हणाले. शेवटी त्याची बायकोही म्हणायला लागली.

"थेंबाला शिवला नव्हता तो," आई म्हणाली. "मला शपथेवर सांगितलं होतं त्याने. मी मान डोलावली. पण मनात म्हटलं, पिणारे असंच म्हणतात." तिने आता वाकून चपला काढल्या आणि त्या खाटेखाली सारल्या. "खरं बोलत होता बिचारा."

त्यानंतर आठवडाभर ती भेटेल त्याला हे सांगत सुटली. भाजीवाल्याला, वरच्या मजल्यावरच्या बाईंना, पेपरवाल्याला. "माझा भाऊ पीत नव्हता. रक्ताची तपासणी झालीय आमची." ऐकणाऱ्यांना यातलं काही कळत नव्हतं. त्यातल्या कुणीच त्या भावाला पाहिलेलं नव्हतं. पण ती सांगत राहिली.

इकडे मास्तरांची गोळी सुरू झाली. सकाळचा चहा, गोळी, दुकान. गोळीने काहीच व्हायचं नाही. चक्कर नाही, मळमळ नाही, अंगात शक्ती आल्यासारखंही नाही. न दुखणाऱ्या दुखण्याला न जाणवणारं औषध. मास्तर म्हणायचे, "गोळी आहे की खडूचा तुकडा?"

दुकानात मात्र फरक पडला होता. चुका आता वाटीत. वाटीत हात घालायचा, चूक चिमटीत धरायची, टोक कुठे, डोकं कुठे बघायचं, मग हातोडी. निम्मा वेळ शोधण्यात जायचा. मेहुणा त्याच्या फटाकडीने खुर्च्या पटापट हातावेगळ्या करायचा आणि मास्तर वाटीत बोटं घालून बसलेले. एकदा एक जुनं गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, तुमचं ते तोंडातलं काम दाखवा की आमच्या पाहुण्यांना." मास्तर म्हणाले, "दात दुखतोय." वर्षभर त्यांचा दात दुखत होता.

नियमाने तपासणी व्हायची. विषाणू उतरत होता. मग आणखी उतरला. तिसऱ्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि पहिल्यांदाच हसल्या.

"छान. विषाणू सापडला नाही. यकृताची सूजही गेली. गोळी अशीच चालू ठेवा."

या चार वाक्यांतलं मास्तरांना एकच ऐकू आलं. विषाणू सापडला नाही. उरलेली तीन वाक्यं जिना उतरता उतरता गळून पडली.

दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या आल्या त्यांनी मूठभर चुका तोंडात टाकल्या. पहिली चूक जिभेवर जराशी अडली. मग जीभ सुटली. मेहुण्याने यंत्र थांबवलं.

"भावजी?"

"सापडला नाही," मास्तर चुकांमधून म्हणाले. "रिपोर्ट कोरा."

"बाईंनी सांगितलं चालेल म्हणून?"

"कागदावर लिहिलंय."

मेहुण्याने आपल्या चुकांचा डबा उचलून यंत्राच्या पलीकडे ठेवला.

गोळी मास्तरांनी ठरवून, घोषणा करून बंद केली नाही. हातातलं पाकीट संपलं, नवीन आणायचं राहिलं, आणि मग ते आणायचं कारणच त्यांना सापडेना. चोर घरातून गेला म्हटल्यावर पहारेकरी कशाला पोसायचा? हा त्यांचा हिशेब. तो त्यांनी कुणाला सांगितला नाही, कारण सांगितला तर कुणीतरी खोडून काढेल अशी थोडी शंका त्यांनाही होती. बायको चहा देताना रोज विचारायची, "गोळी घेतलीत?" ते म्हणायचे, "हो." ती पुढच्या कामाला लागायची. तिचा भाऊ घरचं दुकानात आणि दुकानातलं घरी नेणाऱ्यांतला नव्हता.

तेवढ्यात मोठं काम आलं. एका छोट्या नाट्यगृहातल्या सगळ्या खुर्च्या नव्याने मढवायच्या होत्या. खुर्च्यांचे ढीग दुकानात मावेनात, निम्मे बाहेर ताडपत्रीखाली. मास्तरांच्या अंगात वारं संचारलं. ओठ, हातोडी, लाकूड. डॉक्टरीणबाईंकडे जायची तारीख आली नि गेली. मास्तर म्हणाले, काम उरकू दे, मग जाऊ.

काही महिने खरोखरच काही झालं नाही. मग भूक कमी झाली. मास्तरांनी खापर जेवणाच्या डब्यावर फोडलं, म्हणाले, रोज तेच तेच असतं. दुपारी अंग जड व्हायला लागलं. ते म्हणाले, फोमची धूळ छातीत बसलीय. लघवी गडद व्हायला लागली, तेव्हा पाणी कमी पडतंय असं ठरलं. माणसाला कारणं शोधायची असली, की ती चुकांसारखी मूठमूठ सापडतात.

एके दिवशी एक म्हाताऱ्या बाई आपली आरामखुर्ची घेऊन आल्या. त्यांना पांढरं रेक्झिन हवं होतं. मास्तरांनी नमुन्यांचा गठ्ठा सोडला, पांढऱ्या रेक्झिनचा एक तुकडा काढला आणि बाईंना नीट दिसावा म्हणून आपल्या हातावर पसरून दारातल्या उजेडात धरला.

"हे पांढरं नाही," बाई डोळे बारीक करून म्हणाल्या. "पिवळट आहे."

"शुभ्र आहे बाई. दुधासारखं."

"अहो, पिवळं दिसतंय मला."

मेहुणा यंत्रावरून उठून बघायला आला. त्याने आधी रेक्झिन बघितलं. मग मास्तरांचा हात. मग त्यांना उजेडाकडे वळवून डोळे बघितले.

"भावजी," तो म्हणाला, "कापड पांढरंच आहे."

त्याने बाईंची क्षमा मागून शटर ओढलं आणि मास्तरांना रिक्षात घातलं. रिक्षातून बहिणीला फोन केला.

डॉक्टरीणबाईंनी पलंगाशी येऊन मास्तरांच्या पापण्या खाली ओढल्या, पोट दाबून बघितलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "गोळी कधी बंद केलीत?"

"बंद नाही केली," बायको म्हणाली. ती नुकतीच धापा टाकत आली होती, पर्स अजून खांद्यालाच होती. "रोज घेतात. मी रोज विचारते."

मास्तर छताकडे बघत होते.

"सहा महिने होत आले," ते शेवटी म्हणाले.

बायकोने पर्स खुर्चीवर ठेवली. कडेच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलला, तो भरलेलाच होता, तरी ती तो घेऊन बाहेर गेली.

"मी म्हटलं, सापडत नाही म्हणजे गेला," मास्तर डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

"सापडत नव्हता, कारण गोळी त्याला डोकं वर काढू देत नव्हती. तो यकृताच्या पेशींत दडून असतो. गोळी थांबली, तो उठला, वाढला. आता तुमचं शरीर त्याच्यावर चालून गेलंय, आणि ही मारामारी यकृतात चाललीय."

"मग आता काय?"

"तीच गोळी."

"तीच?"

"तीच. आणि वाट बघायची. यकृताने पुन्हा काम सुरू केलं तर उत्तम. नाही केलं, तर दुसऱ्या कुणाचं यकृत बसवायचा विचार करावा लागेल. त्याची तयारी मी आजच सुरू करून ठेवते."

हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं. रागावल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

पुढचे दिवस वाईट गेले. मास्तर हळदीसारखे पिवळे झाले. अंगाला खाज, जिभेला चव नाही. झोपेचं गणित फिरलं, दिवसा झापड आणि रात्री टक्क. एकदा तर भ्रमात नर्सला म्हणाले, या पलंगाच्या स्प्रिंगा बदलायला झाल्यात, सांगाडा दुकानात पाठवून द्या. नर्सने डॉक्टरीणबाईंना बोलावलं, कारण यकृत हरायला लागलं की डोक्यावर परिणाम होतो. बाईंनी मास्तरांना दोन्ही हात पुढे करायला लावून पंजे थरथरतात का ते बघितलं, औषध वाढवलं आणि त्या दिवशी दोनदा जास्त येऊन गेल्या.

मेहुणा दुकान बंद करून संध्याकाळी यायचा. स्टुलावर बसायचा. दोघांत बोलणं फार नसे.

"नाट्यगृहाचं?" मास्तर विचारायचे.

"चाललंय."

"चुका मारतोयस का पिना?"

"पिना."

"निघतील."

"नाही निघणार, भावजी."

एकदा त्याने मास्तरांच्या आईला आणलं. म्हातारी दोन हातांनी कठडा धरून जिना चढली, आल्यावर बराच वेळ नुसती मुलाकडे बघत बसली. मास्तरांना वाटलं, आता रडेल.

"माझा भाऊ गेला तेव्हा ही गोळी नव्हती," ती म्हणाली. "तुझ्या हातात होती."

मास्तरांनी मान दुसरीकडे वळवली. आईने त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि मेहुण्याला म्हणाली, "चल, मला घरी सोड."

मग तपासणीतले आकडे चढायचे थांबले. काही दिवस जागच्या जागी राहिले, आणि नंतर हळूहळू उतरायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यकृत कामाला लागलंय. नशीब तुमचं." दुसऱ्याचं यकृत बसवायची वेळ आली नाही. मास्तर घरी आले तेव्हा त्यांचे कपडे त्यांच्या अंगावर दुसऱ्या कुणाचे असावेत तसे लोंबत होते. खिडकीपासून मोरीपर्यंत गेले की बसावं लागायचं. दुकान तीन महिने दुरूनच.

बायको सगळं करत होती. पथ्याचं जेवण, अंघोळीचं पाणी, डॉक्टरांकडच्या खेपा. बोलतही होती, पण कामापुरतं. सकाळी चहाचा कप समोर ठेवायची आणि वळायची. गोळीचं नाव नाही. मास्तरांनी दोन आठवडे वाट बघितली. मग एका सकाळी म्हणाले, "विचारत नाहीस हल्ली."

"काय?"

"गोळीचं."

तिने गॅस बारीक केला. "विचारून काय उपयोग? उत्तर मला ठाऊक आहे. हो."

"चुकलं माझं. बंद करायला नको होती."

"बंद केलीत त्याचा मला राग नाही. माणूस कंटाळतो, माणसाची समजूत चुकते. रोज सकाळी माझ्या तोंडावर हो म्हणालात, त्याचा आहे. सहा महिने. आणि डॉक्टरांसमोर मी छातीठोक सांगतेय, रोज घेतात म्हणून."

मास्तरांनी गोळी काढून पाण्याबरोबर घेतली. बायको तोवर भांडी घासायला लागली होती. तिने मागे वळून बघितलं नाही, आणि पुढेही पुन्हा कधी विचारलं नाही. तीन वर्षं जो प्रश्न मास्तरांना कटकट वाटायचा, त्याच्या जागी आता रोज सकाळी थोडी शांतता असायची. त्या शांततेत ते गोळी घ्यायचे.

नाट्यगृहाचं काम मेहुण्याने एकट्याने पुरं केलं होतं. पिना निघाल्या नाहीत. मास्तर दुकानात परत आले ते अर्धा दिवस बसायच्या बोलीवर. जड उचलायचं बंद. कापड बेतायचं, रंग जुळवायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचं. तोंड मोकळं असल्यामुळे लोकांना कळलं, की मास्तर तोतरे नाहीत, उलट भलतेच बोलके आहेत. चुका ठोकायच्या झाल्या तर वाटीतून. फटाकडीलाही त्यांनी हळूहळू हात लावला, पहिल्यांदा मेहुणा जेवायला गेला असताना. मेहुण्याचा निळ्या कडेचा कप मात्र वेगळा तो वेगळाच राहिला. त्याची लस पूर्ण झाली होती, डॉक्टरीणबाईंनी त्याला निर्धास्त केलं होतं, तरीही. मास्तरांनी त्याबद्दल बोलणं सोडून दिलं. रोज संध्याकाळी दवाखान्यात येऊन बसणारा माणूस आणि कप वेगळा ठेवणारा माणूस एकच असू शकतो, हे त्यांना आता चालत होतं.

दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि रक्त. यकृत पूर्वीइतकं मऊ झालं नाही, पण आणखी निबरही झालं नाही. विषाणू पुन्हा सापडेनासा झाला. या वेळी मास्तरांनी डॉक्टरीणबाईंची चारही वाक्यं ऐकली.

पुढे मुलीला बाळ झालं. मास्तर आणि बायको तिच्याकडे जायला निघाले, पाच तासांचा बसचा प्रवास. निम्म्या वाटेवर बस चहापाण्याला थांबली, तेव्हा मास्तरांनी पिशवी चाचपली. बाळासाठी शिवलेली मऊ गादी होती, मोजे होते, चष्मा होता. गोळ्या नव्हत्या. चहाच्या टपरीशेजारी औषधाचं दुकान होतं. मास्तर तिथे गेले. दुकानदार म्हणाला, हे औषध आम्ही ठेवत नाही, मागवावं लागतं, तीन-चार दिवस लागतील.

बायको खिडकीतून बघत होती. मास्तर आले, त्यांनी वरच्या फळीवरून स्वतःची लहान पिशवी काढली.

"मी परत जातो. गोळ्या राहिल्या. उद्या सकाळच्या बसने येतो."

"मुलगी वाट बघतेय," बायको म्हणाली.

"उद्या येतो."

तिने बाळाची पिशवी आपल्या मांडीवर ओढून घेतली. "गादी राहू द्या माझ्याकडे. आणि येताना माझी शाल आणा, ती पण राहिलीय."

मास्तर रस्ता ओलांडून उलट्या बाजूला उभे राहिले. पहिल्या दोन बस थांबल्याच नाहीत. तिसरीत उभ्याने जावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मुलीच्या घरी पोचले, तेव्हा जावई दारातच भेटला.

"अहो, काय झालं काय? आई काही बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, उद्या येतील म्हणून."

"माझी गोळी राहिली होती," मास्तर म्हणाले. "रोजची आहे. कायमची." त्यांनी शाल बायकोच्या हातात दिली, हात धुतले आणि विचारलं, "बाळ कुठल्या खोलीत आहे?"